बिनखटक्याचं बटण

फाल्गुन सरत आला की आमच्या अंगणातल्या लिंबाची पानं गळतात. सकाळी झाडून काढावीत, तर दुपारच्या झळांबरोबर पुन्हा तेवढाच पिवळा थर. वर तांबूस कोवळी पालवी आणि खाली वाळल्या पानांची खसखस. याच दिवसांत पोरींच्या परीक्षा येतात. गल्लीतल्या पोरी तोंडाला ओढण्या बांधून उन्हातून कॉम्प्युटरच्या क्लासला जातात, आणि मला घरातल्या घरात कुठं बसावं ते कळत नाही. ज्वारी निवडायला घेते, ती सुपात तशीच राहते.

परवा शेजारच्या पोरीनं तिचा नवा कॉम्प्युटर दाखवला. मी एका बटणावर बोट ठेवून पाहिलं. पापडासारखं चपटं. दाबलं की खाली रबर असल्यासारखं लिबलिबतं. ती म्हणाली, “काकू, दाबा की जोरात, भिऊ नका.” मी हात मागं घेतला. मला बटणाची भीती नव्हती. बटण आतून कसं असतं ते मी तिच्या जन्माआधी पाहिलंय, असं सांगितलं असतं तर ती हसली असती. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या तोंडी ते शोभलंही नसतं.

ते साल त्या मोठ्या भूकंपानंतरचं. वडीगोद्रीला सडकेला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत थोरल्या दिरांचा टायपिंगचा क्लास, मागं आम्ही सगळे, मधे दार आणि त्यावर एक जाड पडदा. दिवसभर ट्रक जायचे आणि धूळ घरात यायची. भाकरीवर, गादीवर, देवावर, सगळीकडं तीच बारीक तांबडी धूळ. पडद्याच्या पलीकडून टाइपरायटरचा आवाज यायचा, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. त्या आवाजात माझं लेकरू निवांत झोपायचं. आवाज थांबला की जागं व्हायचं.

मग दिरांनी औरंगाबादच्या कुठल्याशा हापिसानं काढून टाकलेले सहा कॉम्प्युटर आणले. टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळून. त्यांच्या बटणांच्या फळ्या पाट्यासारख्या जड होत्या. पोरांना वाटलं होतं, एवढ्या महागाच्या वस्तूचा आवाजही मोठा असेल. पण दाबलं तर काहीच नाही. बटण गुपचूप खाली जायचं आणि गुपचूप वर यायचं. टाइपरायटरवर शिकलेले दीर वैतागले. “अरे, हे लागलं का न्हाई लागलं, कळावं कसं माणसाला?” असं ते कितीतरी दिवस म्हणत राहिले.

दीर म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर मी बोलत नसे. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नसतं. पदर पुढं ओढायचा, वस्तू उंबऱ्यावर ठेवायची, बांगड्या वाजवायच्या आणि मागं सरायचं. तेही माझ्याशी बोलत नसत, भिंतीशी बोलत. “भिंतीला सांगतो बाबा, चहात साखर जास्त पडली.” यावर त्यांची बहीण, माझी नणंद सुनंदा, माहेरपणाला आली की आतून म्हणायची, “दादा, भिंतीला कान असतील, पण चहा भिंत करत न्हाई.” सगळे हसायचे. मीही पदरात हसायचे. मला काही सांगायचं असलं की मी जाऊबाईंना सांगे, आणि त्या त्यांना सांगत. लाजरी तर मी मुळातच होते. माहेरी वाटूरच्या शाळेत पाढे येत असून मी कधी हात वर केला नव्हता. त्यामुळं ही रीत मला जाचली नाही. उलट सोयीची वाटली. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही.

एकदा जाऊबाई म्हणाल्या, “अगं, बटणं पुसून ठेव म्हणलेत. धुळीनं घट्ट झालीत. आणि मोडू नको बाई, न्हाईतर माझ्या डोक्यावर बसतील.”

क्लास दुपारी दोन ते चार बंद असे. मी केसातल्या दोन पिना काढल्या, बटणाची टोपी उचलली, आणि पिनांची टोकं दोन्ही बाजूंनी सरकवली. झाकण अलगद निघालं. आत काय निघालं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं. एक पिवळा दांडा, करंगळीच्या नखाएवढा. त्याखाली स्प्रिंग, बॉलपेनातल्यापेक्षा आखूड आणि घट्ट. आणि बाजूला एक पातळ पत्री, बेगडासारखी चमकणारी. एवढंच. दांड्याच्या अंगाला एक उतार होता. दांडा खाली जाताना तो उतार पत्रीला हळूच रेटायचा, पत्री आतल्या आत टेकायची आणि वर काचेवर अक्षर उमटायचं. उमटायचं तेव्हा दांडा अर्ध्या वाटेतच असायचा. तळ अजून लांब असायचा.

सहा फळ्यांतल्या एकीला खटका होता. दाबलं की बोटाला मधे एक अडथळा लागायचा, मग सुटायचं. ती उघडली तर आत बाकी सगळं तेच, फक्त एक वाकवलेली पत्री जास्त. दांडा तिच्यावरून ओलांडून जाताना अडखळायचा, तोच खटका. म्हणजे बाकीच्या पाचांत काही कमी पडलं नव्हतं. ज्यानं कुणी ती केली, त्यानं ती एक पत्री मुद्दाम घातली नव्हती. त्याला वरून खालपर्यंत सरळ वाट हवी होती. कुठं थांबायला नको, कुठं सांगायला नको. मला ते फार आवडलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

मग तो माझा छंदच झाला. दांडे रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्यावर सावलीत वाळवायचे. पत्रीला पाणी लागू द्यायचं नाही, कोऱ्या कागदाची पट्टी आत घालून ओढायची. ती काळी निघते तोवर ओढायची. एका दुपारी वीस-पंचवीस बटणं होत. त्यावरची अक्षरं इंग्रजी, मला वाचता येत नव्हती. रांगोळीतली चित्रं ओळखावीत तशी मी ती ओळखायची. हे छत्रीच्या दांड्यासारखं, हे घोड्याच्या नालेसारखं.

एकदा मला शहाणपण सुचलं. माझ्या शिवणयंत्राचं तेल मी कोपऱ्यातल्या एका बटणात सोडलं, जे कुणी वापरत नसे. पहिल्या दिवशी लोण्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी चिकट, दाबलं की वर यायला कुरकुरायचं, आणि अक्षर कधी उमटायचं, कधी नाही. उघडलं तर धूळ आणि तेलाचा काजळासारखा लगदा झालेला, आणि पत्रीवर तेलाची साय. ते साफ करायला मला दोन बटणांइतका वेळ लागला. बोलणी बसतील म्हणून मी ते झाकलं. जाऊबाईंना तेव्हाच सांगितलं असतं, की बाई, या मशीनला तेल चालत नाही, तर ते दिरांपर्यंत गेलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

सुनंदा त्या वर्षी माहेरीच होती. तिचं सासर शहागडचं. तीन वर्षं नांदून ती एका सकाळी पिशवीत दोन लुगडी घेऊन आल्ती, आणि बाही वर करून तिनं मला दंड दाखवला होता. दिरांना दाखवला नाही. दीर वाईट नव्हते, पण लोकांना फार भीत. वर्षभर ते तिच्याशी धड बोलले नाहीत. क्लासात मात्र बसू दिलं, कारण घरात बसून रडली तर शेजारणी विचारत. तीन नंबरच्या मशीनवर ती बसायची. तिची बोटं लांब होती, आणि तिला ते काम येत होतं. सुरुवातीला ती चिडायची.

“वहिनी, दादा म्हणतो जोरात हाण. हाणलं की बोटं दुखत्यात नुस्ती.”

मी म्हणाले, “तळाला जाऊ नको. अर्ध्या वाटेतच उमटतं ते. तिथूनच माघारी फिर.”

“तुला काय म्हाईत? तुला एबीशीडी तरी येती का?”

“न्हाई येत. पण आत काय हाय ते बघितलंय.”

तिनं करून पाहिलं. मग ती माझ्याकडं बघतच राहिली. पंधरा दिवसांत ती अशी लिहायला लागली की पडद्याअलीकडून ऐकताना वाटायचं, तांदळावर कुणी हात फिरवून राहिलंय. दुपारी धूळ खाली बसलेली असायची, सडक ओस, आणि तेवढा एक मऊ आवाज. माझ्या आयुष्यात मी सुखाचा आवाज ऐकला असेल तर तो तेवढाच.

चैत्रात कळलं, की जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीला कॉम्प्युटरवर बसायला एक मुलगी पाहिजे. त्यांचा माणूस क्लासात येऊन परीक्षा घेणार होता. दीर जेवताना म्हणाले, “हे जमलं तर राहील ती जालन्याला मावशीकडं, कुणी काही म्हणणार न्हाई. न्हाई जमलं तर मृगाच्या आत शहागडला पोचवतो. वरीस झालं, लोकं नावं ठेवायलेत.” सुनंदानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि पुन्हा उचलला. मी तव्यावरची भाकर जाळली.

टायपिंगच्या परीक्षेआधी दिरांची एक रीत होती, वीस वर्षांची. परीक्षेच्या तीन दिवस आधी ते मशीनला तेल घालत, कुंकू लावत, उदबत्ती ओवाळत, कापडानं झाकत आणि खोलीच्या दोन्ही दारांना कुलूप लावत. मग परीक्षक येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. किल्ली ते कमरेच्या करदोड्याला बांधत.

त्या दुपारी मी चहा घेऊन पडद्याशी गेले, तर दीर तीन नंबरच्या मशीनवर वाकले होते. फक्त तीन नंबरच्या. हातात टाइपरायटरच्या तेलाची लांब चोचीची कुप्पी. एक-एक टोपी उचलून थेंब सोडत होते, लेकराच्या कानात औषध घालावं तसं, जपून. मला कोपऱ्यातलं ते बटण आठवलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “ठेवा म्हणावं तिथं.”

सुनंदा न्हाणीत होती. ती आली, ओल्या केसांनी, आणि तिनं दारातून ते पाहिलं. मला ओढत चुलीजवळ नेलं. तिचे डोळे भरले होते.

“वहिनी, वरीसभर दादा माझ्याशी सरळ बोलला न्हाई. आन् आज बघ. कुणाच्या मशीनला न्हाई, माझ्याच मशीनला घालून राह्यलाय.”

आता हिला काय सांगायचं? मी म्हणाले, “हो.” मनात म्हटलं, हिचा आनंद कशाला मोडू. आपणच किल्ली घेऊ, दोन दुपारी आहेत, निदान अक्षरांची बटणं तरी होतील. उद्या चहा नेताना मागू.

खरं तर मला तिचा आनंद मोडायचा नव्हता हे अर्धंच खरं. तिला सांगितलं असतं तर कोपऱ्यातल्या त्या बटणाचं सांगावं लागलं असतं, आणि ती दिरांपुढं म्हणाली असती, “वहिनी म्हणती.” माझं नाव त्यांच्यापुढं निघालं असतं. मला त्याचीच धास्ती होती.

जाऊबाई भावाच्या लग्नाला गेल्त्या. मालक ट्रक घेऊन इंदूरकडं. निरोप न्यायला कुणी उरलं नव्हतं. माझं लेकरू दीड वर्षाचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा उंबऱ्यावर ठेवला, बांगड्या वाजवल्या आणि मागं सरले नाही. घशात शब्द तयार होते. भाऊजी, किल्ली द्या. तीनच शब्द. रात्रभर म्हणून पाहिले होते. दिरांनी पेपर खाली केला. मी अजून तिथंच आहे हे त्यांना जाणवलं असावं. ते भिंतीकडं बघून म्हणाले, “काही पाहिजे का म्हणावं घरात?”

त्यांनी विचारलं होतं. हे मी कुणाला दोष देताना विसरते. त्यांनी विचारलं होतं.

मी पदर आणखी पुढं ओढला आणि आत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, पुन्हा आले.

परीक्षेच्या दिवशी वारा सुटला होता. कंपनीचे साहेब घामाघूम होऊन आले, हातात घड्याळ. पाच जणी बसल्या. मी पडद्याआड उभी होते. सुरुवातीला तांदळावर हात फिरवल्याचा आवाज आला, चार-पाच ओळींचा असेल. मग तो अडखळला. मग सुनंदा जोरात दाबायला लागली. तळापर्यंत. टक, टक, टक. बाकीच्या चौघींचा आवाज सरळ चालला होता, आणि मधे तिचा एकटीचा, दार ठोठावल्यासारखा. पडदा बाजूला करून “साहेब, मशीन बदलून द्या,” म्हणायला मला तीन पावलं चालायची होती. मी पडद्याची कड मुठीत धरून उभी राहिले. नंतर पाहिलं, तर घामानं तिथं कापडाचा रंग हाताला लागला होता.

साहेब जाताना दिरांना म्हणाले, “हिची बोटं चांगली आहेत हो. पण अक्षरं फार गाळते.”

रेहानाला काम मिळालं. पंक्चरवाल्या चाचांची पोर, सुनंदाच्या शेजारच्या मशीनवर बसणारी. चांगली पोरगी होती. बाहेर पडताना मला हळूच म्हणाली, “भाभी, सुनंदा के मशीन का आवाज आज अलगच आ रहा था. कुछ हुआ था क्या?” मी मान हलवली. नाही म्हणून.

दीर ओसरीवर बसले होते. येईल त्याला सांगत होते, “मी माझ्या हातानं तेल घातलं हो मशीनला. याच्यापुढं भावानं काय करावं? तिच्या नशिबातच न्हाई.” आणि सुनंदा त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली. “जाऊ दे दादा, तू केलंस तेवढं,” असं म्हणाली.

मृगाच्या आधी एक आठवडा दीर तिला जीपनं शहागडला घेऊन गेले. निघताना ती माझ्या गळ्यात पडली. “वहिनी, तू होतीस म्हणून हे वरीस निघालं.” जीप वळली. मी आत आले आणि तीन नंबरची फळी उघडली. सगळं होतं तसंच, जसं मला माहीत होतं. काजळाचा लगदा, पत्रीवर साय. आठवडाभर दुपारी बसून मी एकूण एक दांडा धुतला. मशीन उत्तम चालायला लागलं. ते मला सोसलं नाही. मोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढं क्लास बंद झाला. ते कॉम्प्युटर भंगारात गेले, बाजारात हलक्या नवीन फळ्या आल्या, त्यांत उघडून बघण्यासारखं काही नसायचं. मी कधी कधी त्या बटणाचा विचार करते. त्याला खटका नव्हता म्हणून दिरांना ते कमअस्सल वाटलं. मला तोच त्याचा गुण वाटला होता, की आवाज न करता काम करतं. तेव्हा मी त्यात स्वतःला बघून सुखावले असेन. पण ती तुलना खोटी. ते बटण मुकं असलं तरी दाबलं की अक्षर उमटायचं. माझ्यावर वेळ आली तेव्हा काही उमटलं नाही.

जाऊबाई वारल्या त्याला चार वर्षं झाली. दिरांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी. त्यांना भरवणं, कूस बदलणं मीच करते. पदराची ती रीत पहिल्याच आठवड्यात सुटली. माणसाचं अंग पुसताना भिंतीशी बोलता येत नाही. आता मी त्यांना रागावतेसुद्धा. “भाऊजी, औषध थुंकू नका, लहान हाय का तुम्ही?” आणि ते ऐकतात.

याच महिन्यात सुनंदा त्यांना बघायला आली. केस पांढरे, हात राठ. दुपारी लिंबाखाली आम्ही शेंगा फोडत बसलो. कोण जाणे कुठून बळ आलं, मी शेंगांकडं बघत सगळं बोलले. तेल, कोपऱ्यातलं बटण, किल्ली. बोलून वर पाहिलं, तर ती शेंगाच फोडत होती. म्हणाली, “वहिनी, या कानानं ऐकू येत न्हाई मला. इकडून सांग.” तो कान कशानं गेला हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उठून तिच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, “आता सांगून तुझं ओझं उतरलं. माझं काय उतरलं?”

मी म्हणाले, “भाऊजींना पण सांगते आता. त्यांना कळू दे.”

“न्हाई.” तिनं माझा हात धरला, दुखेल एवढा. “दादानं जन्मात माझ्यासाठी येक गोष्ट केली. तेवढी राहू दे माझ्याकडं. तू बोलायची न्हाईस.”

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

ती गेल्यापासून दिरांना तिचाच ध्यास लागला आहे. रोज दुपारी चहा पाजताना अर्धा चहा ओठातून ओघळतो, तो मी पदरानं पुसते, आणि ते वाकड्या जिभेनं तेच विचारतात. “बाई, तू सांग. त्या पोरीसाठी मी काही कमी केलं का?”

मी म्हणते, “न्हाई भाऊजी. तुम्ही केलं तेवढं कुणी केलं नसतं.”

आता शब्द अडकत नाहीत. आवाज कापत नाही. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून मी ते मोठ्यानं म्हणते, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल इतकं.